विश्वासात नवीन असलेल्यांची सोबत कशी करावी: पहिल्यांदाच मार्गदर्शन करणाऱ्यांसाठी

बाप्तिस्म्याच्या दिवशी मंडळीत मोठा आनंद असतो. गाणी होतात, फोटो निघतात, सगळे येऊन हात मिळवतात. तीन-चार रविवार गेले की तीच व्यक्ती उपासनेनंतर दाराशी एकटी उभी दिसते. प्रार्थनेत काय बोलायचं, बायबल कुठून वाचायला घ्यायचं, घरच्यांचा विरोध आहे त्यांना काय उत्तर द्यायचं, जुना राग अजून उसळतो त्याचं काय करायचं, हे सगळं तिच्या मनात असतं आणि विचारायला माणूस नसतो. पाळक सगळ्यांना पुरे पडू शकत नाहीत. अशा वेळी मंडळीतल्या एखाद्या जुन्या विश्वासणाऱ्याने आठवड्यातला एक तास तिच्यासाठी काढला, तर तिचं पुढचं सगळं आयुष्य वेगळं होऊ शकतं.

ज्यांनी हे काम आजवर कधी केलेलं नाही अशा विश्वासणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्यासाठी पद लागत नाही, बायबल कॉलेजची पदवी लागत नाही. लागतो तो वेळ, आणि आपलं नाव कुठेही न येता काम करत राहण्याची तयारी. ही तयारी बहुतेकांजवळ सुरुवातीला नसते. ती हळूहळू अंगी बाणवावी लागते. या सेवेतलं सर्वांत अवघड काम मला तेच वाटतं, म्हणून पुढे त्यावर सर्वांत जास्त लिहिलं आहे.

पहिली पायरी: बर्णबाची गोष्ट सलग वाचा

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक उघडा आणि पहिल्या मंडळीतल्या बर्णबाचं नाव येतं ते मुख्य भाग एका बैठकीत वाचून काढा: 4:36-37, 9:26-30, 11:19-30, आणि 13 ते 15 हे अध्याय. वाचन फार लांबत नाही.

शौल (हाच पुढे पौल म्हणून ओळखला जातो) यरुशलेमेत येतो तेव्हा शिष्य त्याला घाबरतात. विश्वासणाऱ्यांना घराघरांतून ओढून तुरुंगात टाकणारा तो हाच. बर्णबा त्याला आपल्याबरोबर प्रेषितांकडे नेतो आणि त्याच्या बाजूने बोलतो. स्वतःची पत त्याने या माणसासाठी पणाला लावली. पुढे अंत्युखियात ग्रीक लोक मोठ्या संख्येने विश्वास ठेवू लागले, तेव्हा यरुशलेमच्या मंडळीने बर्णबाला तिकडे पाठवलं. काम जोरात होतं आणि पुढारीपण आयतं हातात होतं. तरी तो तिथून उठून तार्सास गेला, शौलाला शोधून काढलं आणि अंत्युखियाला घेऊन आला. दोघांनी मिळून वर्षभर लोकांना शिकवलं. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा मिळालं ते याच शहरात.

वाचताना नावांच्या क्रमाकडेही लक्ष ठेवा. 13व्या अध्यायाच्या सुरुवातीला अंत्युखियातल्या संदेष्ट्यांची आणि शिक्षकांची यादी आहे. तिच्यात बर्णबा पहिला आणि शौल शेवटचा. त्याच अध्यायात, कुप्र बेट सोडून ते पुढे निघतात तेव्हा या पुस्तकाचा लेखक लूक ‘पौल व त्याचे सोबती’ अशा अर्थाचं लिहितो, आणि तिथून बऱ्याच ठिकाणी पौलाचं नाव आधी येतं. ज्याला आपण आणलं तो बघता बघता पुढे गेला. याबद्दल बर्णबाच्या तोंडी तक्रारीचा एक शब्दही लूकने नोंदवलेला नाही.

मग येतो 15व्या अध्यायातला वाद. पहिल्या प्रवासात योहान मार्क त्यांना अर्ध्यावर सोडून परत गेला होता. दुसऱ्या वेळी त्याला बरोबर घ्यायला पौल तयार नव्हता आणि बर्णबा त्याला सोडायला तयार नव्हता. शेवटी दोघे वेगळे झाले आणि बर्णबा मार्कला घेऊन कुप्रला गेला. त्यानंतर या पुस्तकात बर्णबा दिसत नाही. पण अखेरच्या दिवसांत पौल तीमथ्याला लिहितो की मार्कला बरोबर घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे (2 तीमथ्य 4:11). अर्ध्यावर पळालेला तरुण उपयोगी माणूस कसा झाला, याचा तपशील शास्त्रात दिलेला नाही. बर्णबाने त्याला टाकलं नाही, एवढं मात्र दिलं आहे, आणि मला त्या एवढ्यातच बरंच काही दिसतं.

वाचून झालं की स्वतःला विचारा: मी ज्याला शिकवीन तो माझ्या पुढे गेला आणि लोक त्याचंच नाव घेऊ लागले, तर मला आनंद होईल का? उत्तर ‘नाही’ आलं तरी थांबायचं कारण नाही. ते जसंच्या तसं प्रार्थनेत देवाला सांगा आणि पुढच्या पायरीला लागा.

दुसरी पायरी: पाळकांना सांगा आणि चौकट ठरवा

सेवेचा गाजावाजा नको, पण ती कोणाला नकळत करायचीही नाही. तुम्ही कोणाबरोबर, कुठे आणि कधी बसता, हे पाळकांना किंवा मंडळीच्या वडिलांना (जबाबदार ज्येष्ठांना) माहीत असायलाच हवं. आध्यात्मिक नात्यात माणूस पटकन मन मोकळं करतो, आणि म्हणूनच इथे गैरफायदा घेणंही सोपं असतं. तुमचा हेतू कितीही शुद्ध असला तरी चौकट पाळा. ती समोरच्याचं रक्षण करते आणि तुमचंही.

पुरुषांनी पुरुषांबरोबर आणि स्त्रियांनी स्त्रियांबरोबर बसावं. जागा अशी असावी की येणाऱ्याजाणाऱ्याला तुम्ही दिसाल: उपासनेनंतर मंडळीचा हॉल, किंवा घरातले लोक वावरत असतील अशी बाहेरची खोली. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींबरोबर एकट्याने कधीही बसू नये. आईवडिलांची परवानगी हवी आणि दुसरी प्रौढ व्यक्ती जवळ हवी. पैशांची खासगी देवघेव नको. गरज खरी असेल तर मंडळीच्या मदतनिधीपर्यंत पोहोचवा. उसने पैसे मध्ये आले की माणूस आपल्याला टाळायला लागतो, मग मनातलं बोलणं दूरच.

आभार म्हणून मोठी भेट कोणी देऊ लागलं तर प्रेमाने नाही म्हणा. अरामी सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्यापुढे मोठी देणगी घेऊन उभा राहिला, आणि अलीशाने ती घेतली नाही. त्याचा चाकर गेहजी मात्र मागून धावत गेला आणि खोटं सांगून दोन किक्कार (जुन्या काळचं मोठं वजन) रुपं आणि दोन पोशाख घेऊन आला (2 राजे 5). देवाची कृपा फुकट मिळते हे नामानाला नुकतंच कळलं होतं. गेहजीने त्यावर किंमत चिकटवली.

तिसरी पायरी: कोणाची सोबत करायची

हुशार, चांगला गाणारा, उद्या व्यासपीठावर दिसेल असा तरुण निवडण्याचा मोह होतो. त्याच्या यशात आपला वाटा दिसेल, असं आत कुठेतरी वाटत असतं. पाळकांना सरळ विचारा, ‘सध्या कोणाकडे कोणाचंच लक्ष नाही?’ आणि जे नाव येईल तिथून सुरुवात करा.

1855 साली बोस्टनमध्ये एडवर्ड किंबल नावाचे एक संडे स्कूलचे शिक्षक आपल्या वर्गातल्या एका तरुणाला भेटायला तो काम करत असलेल्या जोड्यांच्या दुकानात गेले. मागच्या बाजूला तो जोडे कागदात गुंडाळून फळीवर ठेवत होता. त्याचं शिक्षण फार झालेलं नव्हतं. किंबल यांनी त्याला ख्रिस्ताच्या प्रेमाबद्दल साध्या शब्दांत सांगितलं आणि त्या दिवशी त्या मुलाने आपलं जीवन प्रभूला दिलं. त्याच वर्षी त्याने मंडळीच्या सभासदत्वासाठी अर्ज केला तेव्हा त्याची उत्तरं इतकी तोकडी पडली की अर्ज लगेच मंजूर झाला नाही. तो मुलगा म्हणजे ड्वाइट मूडी, ज्यांचं प्रवचन ऐकायला पुढे अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये हजारोंची गर्दी व्हायची. किंबल यांचं नाव आज बहुतेकांना माहीत नाही.

तुमच्या हातून मूडी घडेलच असं समजून हे काम करायचं नाही. ज्याच्याबरोबर तुम्ही बसता तो आयुष्यभर एका लहान मंडळीत शेवटच्या बाकावर बसून विश्वासूपणे जगला, तर तेही पूर्ण फळ आहे.

एका वेळी एकच जण घ्या, फार तर दोन.

चौथी पायरी: पहिली भेट

पहिल्या भेटीत शिकवायचं काही नाही. एक तास ठरवा आणि तासाभरात उठा. फोन बंद करून पिशवीत टाका. टेबलावर उलटा ठेवलेला फोन दोघांचंही लक्ष खेचतो. समोरासमोर बसण्यापेक्षा थोडं तिरपं बसलात तर लाजाळू माणसालाही बोलणं सोपं जातं.

‘तुमचा देवाबरोबरचा प्रवास सांगा’ असं म्हटलंत तर तो मंडळीत ऐकलेली भाषा बोलू लागेल. त्याऐवजी विचारा, ‘हा आठवडा कसा गेला?’ मग गप्प बसा. तो थांबला की लगेच बोलू नका. ती शांतता आपल्याला नकोशी होते आणि आपण ती वचनांनी भरून टाकतो. थोडा धीर धरला तर बहुतेक वेळा तो स्वतःहून पुढचं वाक्य बोलतो, आणि खरी गोष्ट त्या पुढच्या वाक्यात असते.

समजा तो म्हणाला, ‘दादा, खरं सांगू? तीन आठवडे मी प्रार्थनाच केली नाही.’ यावर प्रार्थनेच्या महत्त्वावर बोलू नका, ते त्याला माहीत आहे म्हणूनच तो हे लाजत सांगतो आहे. ‘माझंही कधी कधी असंच होतं’ असं म्हणून विषय स्वतःकडेही ओढू नका. विचारा, ‘तीन आठवड्यांपूर्वी काय झालं होतं?’ कदाचित घरी भांडण झालेलं असेल. कदाचित एखादं जुनं पाप पुन्हा घडलं असेल आणि देवासमोर जायची लाज वाटत असेल. त्याने सांगितलं की म्हणा, ‘सांगितलंस ते बरं केलंस. आत्ता आपण दोघं मिळून दोन वाक्यांची प्रार्थना करू. एक तू म्हण, एक मी म्हणतो.’ तेवढंच करून उठा.

ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले (ईयोब 2:13). तोंड उघडल्यावर त्यांनी जे सांत्वन केलं त्यावर शेवटी देवाचा कोप झाला. दुःखात असलेल्या माणसाबरोबर स्तोत्र 13 वाचा. सहाच वचनं आहेत आणि सुरुवात ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ या आक्रोशाने होते. देवासमोर असं बोलता येतं, हेच अनेकांना माहीत नसतं.

आणखी एक गोष्ट याच भेटीत स्पष्ट सांगून टाका. ‘तू इथे बोललेलं मी कोणाला सांगणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा एखाद्या मुलावर अत्याचार होत असेल, तर मी ते माझ्याजवळ ठेवणार नाही.’ अशी वेळ आली तर पाळक, डॉक्टर, पोलीस, जे लागेल त्यांच्याकडे त्याला घेऊन जा. प्रार्थना कराच, पण एकटे झुंजू नका.

तो तुम्हाला दादा, ताई, काका, मावशी, काहीही म्हणू दे. ‘गुरुजी’ मात्र म्हणू देऊ नका. आपणास गुरुजी म्हणवून घेऊ नका, तुम्ही सर्व भाऊ-भाऊ आहात, असं प्रभूने शिष्यांना स्पष्ट सांगितलं आहे (मत्तय 23:8).

पाचवी पायरी: मिळून वाचायला बसा

मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय आहेत. आठवड्याला एक घेतला तर साधारण चार महिने लागतात. प्राचीन मंडळीची परंपरा असं सांगते की हे शुभवर्तमान त्याच योहान मार्कने लिहिलं, जो अर्ध्यावर परत फिरला होता आणि ज्याला बर्णबाने टाकलं नाही. नव्याने विश्वासात आलेल्याला हे आवर्जून सांगा.

रीत साधी ठेवा. अध्याय आळीपाळीने मोठ्याने वाचायचा. मग येशूने इथे काय केलं, लोक कसे वागले, आणि या आठवड्यात माझ्याकडून तो काय मागतो आहे, एवढंच बोलायचं. उत्तर आधी त्याने द्यायचं. त्याला एखादा प्रश्न पडला आणि उत्तर तुम्हाला येत नसेल तर ‘मला माहीत नाही, पुढच्या वेळी शोधून आणू’ असं म्हणा, आणि खरंच आणा. मार्गदर्शकाला सगळं येतं असा समज एकदा झाला की तो माणूस शास्त्र उघडायचं सोडून तुम्हालाच विचारत राहतो.

मार्क संपल्यावर फिलिप्पैकरांस पत्र घेता येईल. चार अध्यायांत महिना भरतो.

सहावी पायरी: चूक दाखवायची वेळ आली तर

अपुल्लो मोठा वक्ता होता, शास्त्रात पारंगत होता, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याचं बोलणं सभास्थानात ऐकलं. भर सभेत त्यांनी त्याला अडवलं नाही. आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला (प्रेषितांची कृत्ये 18:24-26). तंबू शिवून पोट भरणारं ते नवराबायको. त्यांनी सांगितलेलं घेऊन अपुल्लो अखया प्रांतात गेला आणि तिथल्या विश्वासणाऱ्यांना त्याचा मोठा उपयोग झाला. दुरुस्ती कोणी केली हे अखयातल्या लोकांना कळायची गरजही पडली नाही.

तुम्हीही एकांतात बोला, आणि एका वेळी एकच गोष्ट. फोनवर लिहून कधीच नको, लिहिलेल्या शब्दाला आवाजातली माया नसते. गलतीकरांस पत्रात (6:1) पौल सांगतो की चुकलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा आणि तुम्हीही मोहात पडू नये म्हणून स्वतःकडे लक्ष द्या. दुसऱ्याला सुधारताना आपण त्याच्यापेक्षा बरे आहोत ही भावना हळूच शिरते. ती आली आहे असं जाणवलं तर त्या दिवशी बोलू नका.

जे आपण करत नाही ते त्याला करायला सांगायचं नाही. ‘आधी केले, मग सांगितले’ ही रीत इथे तंतोतंत लागू पडते. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या मार्गदर्शकाला माणसं मान डोलावतात आणि पुढच्या आठवड्यापासून येत नाहीत.

सातवी पायरी: आपलं नाव मागे ठेवायला शिका

डोंगरावरच्या प्रवचनात, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, येशू दानधर्म, प्रार्थना आणि उपास या तिन्हींबद्दल एकच इशारा देतो: लोकांनी पाहावं म्हणून करू नका. जे तसं करतात ते आपलं प्रतिफळ भरून पावले आहेत, असं तो म्हणतो. त्यांना जे हवं होतं ते मिळालं, आता आणखी काही मिळायचं राहिलं नाही.

नवीन मार्गदर्शक इथे एक रास्त शंका घेतात. त्याच प्रवचनात, आधीच्या अध्यायात (5:16), तुमचा उजेड लोकांसमोर पडू द्या, म्हणजे ते तुमची सत्कर्मं पाहतील, असंही म्हटलंय, मग लपवायचं की दाखवायचं? ते वचन शेवटपर्यंत वाचा. लोकांनी सत्कर्मं पाहून तुमच्या स्वर्गातील पित्याचं गौरव करावं, असा त्याचा शेवट आहे. काम दिसलं तर बिघडत नाही. ते पाहिल्यावर लोक कोणाबद्दल बोलतात, तिकडे लक्ष ठेवा.

कानाकोपऱ्यातून नाव कसं पुढे येतं ते ओळखायला शिका. प्रार्थना सभेत उभं राहून, ‘एका भावासाठी प्रार्थना करा, तो दारूतून बाहेर पडतोय, मी दर आठवड्याला त्याच्याबरोबर बसतो,’ असं सांगितलं की त्या भावाची लाज गेली आणि आपली वाहवा झाली. मंडळी लहान असेल तर भाऊ कोण हे सगळ्यांना कळतंही. साक्षीत ‘प्रभूने माझा उपयोग करून घेतला’ हे वाक्य खरं असू शकतं, पण ते कोणासमोर आणि कशासाठी म्हणतो आहोत हे तपासून घ्या. आजाऱ्याच्या खाटेशेजारी प्रार्थना करतानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर टाकू नका. तो माणूस त्या अवस्थेत जगाला दिसायला तयार आहे का, हे त्याला कोणी विचारलेलंही नसतं.

नम्रतेचंही प्रदर्शन होतं. कोणी आभार मानले की ‘छे छे, मी कोण, मी तर काहीच नाही’ असं तीनदा म्हणणं म्हणजे समोरच्याला चौथ्यांदा कौतुक करायला लावणं. ‘मला आनंद झाला, प्रभूची स्तुती असो’ एवढं म्हणावं आणि विषय बदलावा.

सवय लागण्यासाठी दर आठवड्याला एक काम असं करा, जे कोणाला कळणार नाही. उपासनेनंतर खुर्च्या रचून ठेवणं, माइकच्या वायरी गुंडाळणं, हॉलचं संडास धुणं, ज्यांना दिसत नाही त्यांना घरी जाऊन बायबल वाचून दाखवणं. पैशांची मदत असेल तर खजिनदारांकडे द्या आणि नाव सांगू नका म्हणा. चुकून कोणाला कळलंच तर अवघडून जाऊ नका आणि सारवासारवही करू नका. पुढच्या आठवड्यात दुसरं काम शोधा.

हे करायला लागलात की पहिल्या काही आठवड्यांत एक गोष्ट हमखास होते. कोणाचंच लक्ष गेलं नाही याचं वाईट वाटतं. येशू घरी पाहुणा आला तेव्हा मार्थेचं तेच झालं. कामाची तिची तक्रार नव्हतीच, आपण एकटीच राबतो हे प्रभूच्या लक्षात कसं येत नाही, याचा तिला राग होता (लूक 10:40). असा राग आला की तो दाबून टाकू नका. मार्थेने तो थेट प्रभूपुढे मांडला, तुम्हीही मांडा. मंडळीतल्या कोणापुढे मांडलात तर त्याची तक्रार होते आणि तिला पाय फुटतात.

त्या शेवटच्या रात्रीच्या भोजनाचा प्रसंग लूक 22 आणि योहान 13 असा एकत्र वाचा. शिष्यांमध्ये वाद चालू होता की आपल्यात मोठा कोण. त्याच रात्री येशू जेवणावरून उठला, बाह्यवस्त्र काढून ठेवलं, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी घेतलं आणि एकेकाचे पाय धुऊ लागला. तिथे यहूदाही होता. काही वेळाने उठून जो धरून देणार होता त्याचेही पाय धुतले गेले, आणि इतरांना काही कळलंही नाही. आपल्या सेवेची किंमत नसलेल्या माणसाची सेवा कशी करायची, हा प्रश्न पडेल तेव्हा मला याहून चांगलं उत्तर सापडत नाही.

रोमकरांस पत्र पौलाचं, हे सगळ्यांना माहीत असतं. ते प्रत्यक्ष लिहून घेणारा तर्तिय सोळाव्या अध्यायात एका ओळीत सलाम सांगतो आणि निघून जातो (16:22). सोळा अध्याय त्याच्या हातून उतरले आणि स्वतःसाठी त्याने घेतली ती एक ओळ.

एक सावधगिरी इथेच सांगतो. नाव मागे ठेवणं म्हणजे कोणीही वाटेल ते काम आपल्यावर लादावं आणि आपण हूं की चूं करू नये, असं नाही. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसायचा, ते पाहून त्याचा सासरा इथ्रो याने त्याला सांगितलं की तू झिजून जाशील आणि हे लोकही (निर्गम 18). त्याने हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेमायला लावली. थकला असाल तर सांगा. सल्ला देऊन इथ्रो आपल्या देशी परत गेला, हेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

आठवी पायरी: सोडायचं कधी आणि कसं

सुरुवातीलाच मुदत ठरवा, वर्षभराची पुरते. मुदत नसली की नातं एक तर रेंगाळतं किंवा घट्ट चिकटतं, आणि दोन्हींत त्या माणसाची वाढ थांबते.

तो स्वतःहून शास्त्र वाचू लागला, पडल्यावर तुम्हाला फोन करण्याआधी देवाकडे वळू लागला, दुसऱ्या कोणाची विचारपूस करू लागला, की वेळ आली असं समजा. आठवड्याची भेट महिन्यावर आणा, मग गरजेपुरती ठेवा. कारण स्पष्ट सांगा, नाहीतर काही चुकलं का म्हणून तो झुरत बसतो. ‘तू आता स्वतःच्या पायांवर उभा आहेस. मी आहेच, पण दर आठवड्याला माझी गरज उरली नाही,’ असं तोंडावर सांगितलेलं बरं.

हनन्याने दिमिष्कात आंधळ्या झालेल्या शौलावर हात ठेवून त्याला ‘शौल भाऊ’ म्हटलं. सगळी मंडळी ज्याच्या नावाने थरथरत होती त्याला भाऊ म्हणणारा तो पहिला. तेवढं काम झालं आणि हनन्या कथेतून बाहेर गेला. पुढे त्याचं नाव येतं ते पौल आपली साक्ष देताना त्याची आठवण काढतो तेव्हा (प्रेषितांची कृत्ये 22:12).

तो दुसऱ्या कोणाचा सल्ला घेऊ लागला तर ‘मला का नाही विचारलंस’ असं म्हणू नका. त्याने तुमच्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने प्रार्थना केली, वेगळ्या सेवेत पडला, दुसऱ्या मंडळीत गेला, तरी आशीर्वाद देऊन मोकळे व्हा. तुमच्यापेक्षा चांगला शिकवू लागला तर त्याचा अभ्यास ऐकायला जा आणि वहीत टिपून घ्या. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिष्य कुरकुरत आले की सगळे येशूकडे चालले आहेत, तेव्हा तो म्हणाला की माझा हा आनंद पूर्ण झाला आहे, त्याची वृद्धी व्हावी आणि माझा ऱ्हास व्हावा (योहान 3:29-30).

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या एका वचनात (2 तीमथ्य 2:2) चार पिढ्या आहेत: पौल, तीमथ्य, ज्यांना तीमथ्य सोपवील ती विश्वासू माणसं, आणि ती माणसं ज्यांना शिकवतील ते. तुमची दृष्टी त्या तिसऱ्या आणि चौथ्या पिढीवर असू द्या. सोबत केलेल्या माणसाने एखाद्या दिवशी मंडळीपुढे साक्ष दिली आणि तुमचं नाव घ्यायचं राहून गेलं, तर नंतर त्याची आठवण करून देऊ नका. आता तो कोणाबरोबर बसतो आहे ते विचारा, आणि त्या व्यक्तीचं नाव आपल्या प्रार्थनेच्या यादीत लिहून घ्या.